सुक्याबरोबर ओलं: हत्यार ‘अचूक’ असूनही निरपराध माणसं का मरतात?

२९ ऑगस्ट २०२१ ची गोष्ट. काबूलमध्ये एक पांढरी टोयोटा कोरोला सकाळपासून शहरभर फिरत होती. तिच्या डोक्यावर, खालून दिसणारही नाहीत इतक्या उंचीवर, अमेरिकेचे ड्रोन घिरट्या घालत होते. एका वेळी सहापर्यंत. तीनच दिवसांपूर्वी विमानतळाच्या फाटकाशी आत्मघाती स्फोट होऊन १३ अमेरिकी सैनिक आणि दीडशेहून जास्त अफगाण माणसं मेली होती. पुढचा हल्ला पांढऱ्या कोरोलातून होणार अशी खबर होती. पडद्यावर दिसत होतं ते असं: गाडीवाला ठिकठिकाणी थांबतो, माणसं घेतो, सोडतो, एक बॅग उचलतो, दुपारी जड डबे गाडीत चढवतो. स्फोटकंच असणार! आठेक तासांच्या पाठलागानंतर गाडी एका घराच्या अंगणात शिरली आणि हेलफायर क्षेपणास्त्र सुटलं. ते नेमकं गाडीवर जाऊन पडलं.

डब्यांत पाणी होतं. गाडीवाला एका अमेरिकी मदतसंस्थेत कामाला होता. घरी पाणी येत नव्हतं म्हणून त्याने ऑफिसातून भरून घेतलं होतं. दहा जण मेले, त्यांतली सात मुलं.

बातम्यांत दर काही दिवसांनी ‘अचूक हल्ला’ असा शब्द येतो आणि त्याच बातमीत दोन ओळींनंतर मेलेल्या नागरिकांचा आकडा येतो. वाचणाऱ्याला साधा प्रश्न पडतो: अचूक होता, तर ही माणसं मेली कशी? आणि ही माणसं मेली, तर त्याला अचूक का म्हणायचं? यात कोणी खोटं बोलत असेलच असं नाही. गोंधळ त्या शब्दातच आहे.

‘अचूक’ म्हणजे नक्की काय अचूक?

लष्करी भाषेत अचूकपणा मोजायची एक रीत आहे. समजा एकाच ठिकाणी शंभर बॉम्ब टाकले. त्यांतले पन्नास ज्या वर्तुळात पडतील, त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे त्या हत्याराची ‘संभाव्य चूक’. त्रिज्या जितकी लहान, तितकं हत्यार अचूक. उरलेले पन्नास त्या वर्तुळाच्या बाहेर पडतात, हे मात्र व्याख्येतच गृहीत असतं.

या मोजमापात गेल्या ऐंशी वर्षांत झालेली प्रगती थक्क करणारी आहे. १९४१ साली ब्रिटनने आपल्याच रात्रीच्या बॉम्बफेकीची हवाई छायाचित्रं तपासली. ‘आम्ही लक्ष्यावर मारा केला’ असं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. कारखान्यावर बॉम्ब टाकायचा म्हणजे त्या काळी शहरावर टाकायचा आणि नशिबावर सोडायचं. आज उपग्रहाच्या मदतीने वाट शोधणारा बॉम्ब साधारण पाच मीटरच्या वर्तुळात पडतो. मैलांवरून मीटरवर!

पण हे माप फक्त एवढंच सांगतं की बॉम्ब कुठे पडेल. पडल्यावर काय होईल, हे ते सांगत नाही. कोणाच्या कपाळावर डास बसलाय आणि तुम्ही हातोडा उचललात. नेम अगदी अचूक आहे, डास मरणार यात शंका नाही. कपाळाचं काय, ते नेमावर ठरत नाही, हातोड्यावर ठरतं. नऊशे किलोचा बॉम्ब पाच मीटरच्या आत पडला तरी त्याच्या स्फोटाचा दाब आणि लोखंडाच्या ठिकऱ्या त्या पाच मीटरांत थांबत नाहीत, शेकडो मीटर लांब जातात. शेजारच्या खोलीत, वरच्या मजल्यावर, रस्त्यापलीकडे कोण आहे हे ठिकऱ्यांना कळत नाही.

म्हणून मग हातोडे लहान होत गेले. सव्वाशे किलोच्या आसपासचे बॉम्ब आले. हेलफायरचा एक प्रकार तर असा निघाला की त्यात स्फोटकंच नाहीत. आदळायच्या आधी त्यातून पाती बाहेर येतात आणि जड धातू आणि पाती मिळून माणसाला मारतात. ३१ जुलै २०२२ ला काबूलमध्येच अल कायदाचा प्रमुख अयमान अल जवाहिरी आपल्या घराच्या सज्जात उभा असताना मारला गेला, तेव्हा असंच क्षेपणास्त्र वापरलं असावं असं मानलं जातं. घरातल्या बाकीच्यांना काही झालं नाही, असं अमेरिकेने सांगितलं.

एकच शहर, एकच देश मारणारा, मध्ये अकरा महिने. एका वेळी फक्त ज्याला मारायचं तो मेला, दुसऱ्या वेळी ज्यांना मारायचं नव्हतं तेच सगळे मेले. नेम दोन्ही वेळा बरोबर होता.

शब्दवेधी बाण

आपल्याकडे या विषयावरची सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत नेमकी गोष्ट प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते, फक्त ती आपण आईवडिलांच्या सेवेची गोष्ट म्हणून ऐकतो. दशरथाला शब्दवेधी बाण मारता यायचा. न बघता, नुसत्या आवाजावर. अंधारात नदीकाठी घडा भरल्याचा बुडबुड आवाज आला, त्याला वाटलं हत्ती पाणी पितोय, आणि त्याने बाण सोडला. बाण जिथे लागायचा तिथेच लागला. श्रावणबाळ मेला.

दशरथाचं कसब कुठेच कमी पडलं नाही. तो चुकला तो एका आवाजाचा अर्थ लावण्यात. काबूलच्या त्या दुपारीही पाणी भरणाराच होता आणि पाण्याच्या डब्यांचाच अर्थ चुकीचा लागला.

मराठीत या दोन प्रकारच्या अनर्थांना दोन वेगळ्या म्हणी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवल्या की हा सगळा विषय बराच सोपा होतो. ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ ही एक. म्हणजे लक्ष्य बरोबर होतं, पण त्याच्या जवळचे होरपळले. आणि ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही दुसरी, म्हणजे लक्ष्यच चुकीचं. सरकारी निवेदनात या दोन्हींना एकच गुळगुळीत शब्द असतो: ‘आनुषंगिक हानी’. मला तो शब्द आवडत नाही, कारण तो ऐकला की सगळे मृत्यू पहिल्या म्हणीत जमा होतात. काबूल ही दुसऱ्या म्हणीची गोष्ट आहे. तिथे सुकं काही नव्हतंच.

दुसऱ्या म्हणीचं आणखी एक उदाहरण. ७ मे १९९९ च्या रात्री, कोसोव्हो युद्धात, म्हणजे अमेरिका आणि नाटोतले तिचे मित्रदेश युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले करत होते तेव्हा, अमेरिकेच्या विमानाने त्या देशाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये उपग्रहाच्या मार्गदर्शनावर चालणारे पाच बॉम्ब टाकले. मारायचं होतं युगोस्लाव्हियाच्या शस्त्रखरेदी विभागाचं कार्यालय. पण नकाशावर त्याची जागा चुकीची काढली गेली होती, आणि दूतावासांच्या यादीत चीनच्या वकिलातीचा नवा पत्ता चढलेला नव्हता. बॉम्ब दिलेल्या पत्त्यावर पोचले. तिथे चीनची वकिलात होती. तीन चिनी नागरिक मेले आणि दोन बड्या देशांचे संबंध काही काळ तुटायच्या बेताला आले. चीनमध्ये आजही अनेकांना ही चूक होती हे पटत नाही. इतकी अचूक चूक कशी होईल, हा त्यांचा सवाल. तुमचं हत्यार चुकत नाही अशी ख्याती झाली की तुमच्या खऱ्या चुकीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

‘आम्ही मुद्दाम केलं नाही’ या वाक्यात किती दम आहे?

बराच आहे, पण म्हणणाऱ्याला वाटतो तितका नाही.

दोन सेनापती घ्या. एकाने शत्रूचा दारूगोळ्याचा कारखाना उडवला. शेजारच्या वस्तीतली वीस माणसं मरतील हे त्याला ठाऊक होतं आणि ती मेली. दुसऱ्याने ती वस्तीच उडवली, शत्रूला दहशत बसावी म्हणून. वीस माणसं मेली. प्रेतं तेवढीच. तरी आपल्याला दुसरा जास्त मोठा गुन्हेगार वाटतो. हे वाटणं नुसतं भावनिक आहे का? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने स्वसंरक्षणाविषयी लिहिताना मांडलं की एका कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूतला आणि एक हेतूबाहेरचा. पुढे यातून ‘दुहेरी परिणामाचं तत्त्व’ तयार झालं. ते थोडक्यात असं की वाईट परिणाम तुमचं साध्य नसावं, साधनही नसावं, आणि साधणाऱ्या चांगल्याच्या तुलनेत तो फार मोठा नसावा.

‘साधन नसावं’ ही अट ओळखायची एक युक्ती आहे. समजा चमत्कार झाला आणि ती वीसच्या वीस माणसं वाचली. पहिला सेनापती सुटकेचा श्वास टाकेल. त्याचं काम झालेलं आहे. दुसरा म्हणेल, मोहीम फसली. ज्याची योजना निरपराध वाचल्यामुळे फसते, त्याने हेतूची सबब सांगू नये.

पण इथेच एक पळवाट उघडते, आणि ती रोज वापरली जाते. ‘हेतू नव्हता’ आणि ‘कल्पना नव्हती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोरून भरधाव गाडी नेणाऱ्याचा कोणाला उडवायचा हेतू नसतो. कल्पना मात्र असते, किंवा असायला हवी. कल्पना असूनही केलेल्या गोष्टीची जबाबदारी हेतू नसल्याने हलकी होईल, पण पुसली जात नाही. म्हणून आजचे अभ्यासक जुन्या तत्त्वाला एक कलम जोडतात: निरपराधांना मारायचा हेतू नसणं पुरेसं नाही, त्यांना वाचवायचा हेतू असला पाहिजे. आणि तो हेतू खरा की तोंडदेखला, हे तुम्ही त्यासाठी स्वतः किती धोका पत्करलात यावरून ठरतं.

याचा अर्थ काय होतो ते बघा. कोसोव्होच्याच युद्धात नाटोची विमानं बराच काळ पंधरा हजार फुटांच्या खाली उतरत नव्हती, कारण खाली उतरलं की विमानविरोधी मारा लागण्याची भीती. शत्रूच्या माऱ्यात नाटोचा एकही वैमानिक मेला नाही. पण तेवढ्या उंचीवरून ट्रॅक्टरच्या मागे बसलेले निर्वासित आणि लष्करी वाहनं यांत फरक करणं अवघड होतं, आणि निर्वासितांच्या एका तांड्यावर मारा झालाही. वैमानिकाचा धोका नाहीसा झाला नव्हता. खाली रस्त्यावरून चालणाऱ्याच्या वाट्याला गेला होता. याच्या उलट मे २०११ मध्ये, ओसामा बिन लादेनचं अबोटाबादचं घर सापडल्यावर ते बॉम्बने जमीनदोस्त करायचा पर्याय अमेरिकेपुढे होता. तसं केलं असतं तर आतली बायकामुलं आणि आसपासची घरंही गेली असती, आणि मेला तो लादेनच होता हे सिद्धही झालं नसतं. शेवटी सुमारे दोन डझन कमांडो हेलिकॉप्टरने पाठवले. त्यातही एक बाई मेली. पाकिस्तानच्या हद्दीत न विचारता घुसणं योग्य होतं का, हा वाद आहेच. पण धोका कोणी उचलायचा या एका प्रश्नाचं उत्तर त्या वेळी वेगळं दिलं गेलं.

आणि हेतू सेकंदासेकंदाला बदलू शकतो. १२ एप्रिल १९९९ ला सर्बियात ग्रदेलित्सा इथल्या रेल्वे पुलावर नाटोच्या वैमानिकाने बॉम्ब सोडला आणि त्यानंतर पुलावर प्रवासी गाडी आली. बॉम्ब गाडीला लागला. इथपर्यंत दुर्दैव म्हणता येईल. पण त्याच वैमानिकाने वळून त्याच पुलाच्या दुसऱ्या टोकावर दुसरा बॉम्ब टाकला, आणि तोही गाडीलाच लागला. किमान दहा प्रवासी मेले. नंतर चौकशीत त्याच्यावर खटला भरण्यासारखं काही नाही असं ठरलं. दुसऱ्या बॉम्बबद्दल मात्र चौकशी करणाऱ्यांतच एकमत झालं नव्हतं. मला स्वतःला पहिल्या बॉम्बबद्दल वैमानिकाला माफ करता येतं.

कायदा तराजू देतो, वजनं देत नाही

जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारात याचे नियम आहेत. भारत, अमेरिका आणि इस्रायल या तिघांनीही तो करार अजून मंजूर केलेला नाही, पण त्यातले मूळ नियम रूढ कायदा म्हणून सगळ्यांवर बंधनकारक मानले जातात. सैनिक आणि नागरिक यांत भेद करा. मारण्याआधी शक्य ती सगळी खबरदारी घ्या. आणि मिळणाऱ्या ठोस लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी ‘अवाजवी’ होईल असं दिसत असेल, तर मारू नका. रोगापेक्षा इलाज जालीम नको.

गोम ‘अवाजवी’त आहे. एका सेनापतीच्या बदल्यात किती शेजारी? दोन? दहा? कायदा आकडा सांगत नाही. सांगूही शकत नाही, कारण एका बाजूला लष्करी फायदा आणि दुसऱ्या बाजूला माणसांचे जीव, यांना सामाईक माप नाही. किलो आणि तास एकमेकांतून वजा करायला सांगितल्यासारखं आहे हे.

सैन्याला मात्र काहीतरी आकडा लागतो, कारण निर्णय मिनिटांत घ्यायचा असतो. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकेने एक सीमा ठरवली होती: हल्ल्यात ३० किंवा जास्त नागरिक मरतील असा अंदाज असेल तर परवानगी थेट संरक्षणमंत्र्यांची. म्हणजे २९ पर्यंतचा निर्णय खालच्या पातळीवर होऊ शकत होता. अंदाज काढायला संगणकावर स्फोटाचा आकार दाखवणारा प्रोग्रॅम होता. नकाशावर उमटणारा तो डाग गाडीच्या काचेवर किडा चिरडल्यावर उरतो तसा दिसायचा, म्हणून त्या प्रोग्रॅमचं नावच ‘बगस्प्लॅट’ पडलं. नागरिक मरू नयेत म्हणून बनवलेल्या साधनाचं हे नाव.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कायदा प्रेतं मोजून निकाल देत नाही. बॉम्ब सोडताना तुम्हाला काय माहीत होतं आणि काय माहीत असायला हवं होतं, ते तो विचारतो. त्यामुळे वीस नागरिक मेलेला हल्ला कायदेशीर ठरू शकतो, आणि नशिबाने कोणीच न मेलेला हल्ला बेकायदा.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ च्या निकालात एक उदाहरण दिलं, तराजू हातात धरल्यासारखं. एक बंदूकधारी आपल्या घराच्या ओसरीतून सैनिकांवर आणि नागरिकांवर गोळ्या झाडतोय. त्याच्यावर गोळी झाडली आणि शेजारी किंवा वाटसरू मेला, तर ते प्रमाणात बसेल. पण त्याच माणसासाठी वरून ती इमारतच बॉम्बने उडवली आणि डझनावारी रहिवासी मेले, तर बसणार नाही.

हे उदाहरण हवेतून आलं नव्हतं. जुलै २००२ मध्ये इस्रायलने हमासच्या लष्करी शाखेचा प्रमुख सालाह शहादे याला मारायला गाझातल्या दाट वस्तीत एक टनाचा बॉम्ब टाकला. तो मेला; त्याची बायको, मुलगी आणि शेजारपाजारचे मिळून डझनाहून जास्त जण मेले, त्यांत मुलं बरीच. देशातूनच टीका झाली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये हमासचे जवळजवळ सगळे मोठे नेते एका घरात जमल्याची खबर आली, तेव्हा मुद्दाम पाव टनाचा बॉम्ब वापरला. तो वरच्या मजल्यावर फुटला. नेते तळमजल्यावर होते, किरकोळ जखमा घेऊन निघून गेले. लहान हातोड्याने डास मेला नाही.

म्हणजे संयमाची किंमत खरी असते. आणि ती पुढे कोणीतरी चुकवतं, बहुधा तेही नागरिकच. ही किंमत लपवून नैतिकतेवर बोलणारा माणूस मला अर्धवट वाटतो.

खिशातला बॉम्ब

‘लक्ष्य करून मारणं’ याची व्याख्याच ताणणारी घटना १७ सप्टेंबर २०२४ ला घडली. लेबनॉनमध्ये हेजबोल्ला या इस्रायलविरोधी सशस्त्र संघटनेने आपल्या माणसांना वाटलेले हजारो पेजर दुपारी एकाच वेळी फुटले, दुसऱ्या दिवशी वॉकी-टॉकी फुटले. बनवतानाच आत स्फोटकं भरलेली होती. दोन दिवसांत किमान ३७ जण मेले, त्यांत दोन मुलं होती. जखमी तीन हजारांवर. आपण याला मंजुरी दिल्याचं इस्रायलच्या पंतप्रधानांनी दोन महिन्यांनी मान्य केलं.

समर्थन करणारे म्हणतात, याहून नेमकं काय असू शकतं? इमारत पाडली नाही, रस्ता उडवला नाही, ज्याच्या कमरेला शत्रूचा पेजर तोच जखमी. स्फोटकं काही ग्रॅम. हातोडा इतका लहान कधीच नव्हता. यात तथ्य आहे.

पण ड्रोन चालवणारा निदान पडद्याकडे बघत असतो. इथे बटण दाबणाऱ्याला एकही माणूस दिसत नव्हता. पेजर त्या क्षणी लढवय्याच्या हातात आहे, की हेजबोल्लाच्याच रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याच्या, की स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणि तो वाजला म्हणून मुलीने उचललाय, हे कळायचा मार्गच नव्हता. शिवाय स्फोटकं भरण्यासाठीच खास बनवलेल्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या वस्तू वापरायला १९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय करारात बंदी आहे आणि इस्रायलने तो स्वीकारलेला आहे. ती बंदी इथे लागू होते का यावर कायदेपंडितांत वाद आहे. नियमामागची भीती मात्र सरळ आहे: लोकांना रोजच्या वस्तूंचीच धास्ती बसते. दुसऱ्या दिवशी लेबनॉनमध्ये माणसं फोनच्या बॅटऱ्या काढून ठेवत होती.

‘ते लोकांच्या आड लपतात, मग दोष कोणाचा?’

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. शाळेत, दवाखान्यात शस्त्रं ठेवणं, लोकांना ढाल करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. तो करणाऱ्याच्या माथी मेलेल्यांचा दोष लागतोच.

पण दोष ही भाकरी नाही, की एकाने घेतला म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचा संपला. दरोडेखोराने बँकेत ग्राहकांना ओलीस धरलं, तर पोलिस बँक उडवून देत नाहीत. ओलिसांचा जीव दरोडेखोराने धोक्यात घातला म्हणून पोलिसांसाठी तो स्वस्त होत नाही. १९७७ चा करारही तेच सांगतो: एका बाजूने नियम मोडले म्हणून दुसऱ्या बाजूची नागरिकांबाबतची बंधनं सुटत नाहीत. शेवटी ढाल झालेल्या मुलाने काही केलेलं नसतं.

‘जुन्या सरसकट बॉम्बफेकीपेक्षा हे बरं नाही का?’

एकेका हल्ल्यापुरतं बघितलं तर नक्कीच बरं. पण तुलना कशाशी करायची हे आधी ठरवावं लागतं. अचूक हत्यार हाताशी नसतं तर ड्रोनवाल्यांनी त्या घरावर नऊशे किलोचा बॉम्ब टाकला असता का? बहुतेक वेळा काहीच टाकलं नसतं. ज्या गावात सैन्य पाठवायची हिंमत झाली नसती, ज्या देशाशी युद्ध पुकारलेलंच नाही, तिथेही आता मारता येतं, कारण आपलं कोणी मरणार नाही आणि त्यांचे ‘फार’ मरणार नाहीत असं सांगता येतं. दर हल्ल्यामागे मरणारे कमी होतात आणि हल्ले वाढतात. गुणाकार करून बघितल्याशिवाय बरं की वाईट हे कळत नाही.

दुसरं, अचूकपणा ठिकाणापुरता असतो, परिणामापुरता नाही. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची वीजकेंद्रं नेमकी टिपली गेली. विजेवर पाणी शुद्ध करण्याची आणि सांडपाण्याची यंत्रणा चालत होती. ती बंद पडली, आणि युद्ध थांबल्यावरही दूषित पाण्याने मुलं मरत राहिली. त्यांतलं कोणीच बॉम्बच्या वर्तुळात नव्हतं.

तिसरं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं: ज्याला दिसतं, त्याच्यावर बघायची जबाबदारी येते. १९४१ सालचा वैमानिक म्हणू शकत होता, ढग होते, अंधार होता, दिसलं नाही. आठ तास एका गाडीकडे टक लावून बसलेल्याला ही सबब नाही.

दोन मिनिटं

काबूलचा हल्ला आधी ‘न्याय्य’ म्हणून सांगितला गेला. गाडीत स्फोटकं होती, कारण मागाहून दुसरा मोठा स्फोट झाला, असंही सांगितलं. पत्रकार त्या अंगणात जाऊन आले, घरच्यांशी बोलले, ऑफिसच्या कॅमेऱ्यात गाडीवाला पाण्याचे डबे भरताना दिसला. १७ सप्टेंबरला लष्कराने चूक कबूल केली. तो दुसरा स्फोट बहुधा गॅसच्या टाकीचा होता.

मग हवाई दलाच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली. त्यांना चित्रफितीत हल्ल्याच्या दोन मिनिटं आधी त्या जागी एक मूल दिसलं. ते सहज नजरेत भरणारं नव्हतं, मुद्दाम शोधलं तर दिसेल असं होतं. कोणी शोधत नव्हतं, कारण गाडीत अतिरेकी आहे हे सगळ्यांनी सकाळीच मनाशी पक्कं केलं होतं, आणि त्यानंतर दिसलेली प्रत्येक गोष्ट त्याच समजात बसवली जात होती. बॅग म्हणजे स्फोटकांची बॅग, डबे म्हणजे स्फोटकांचे डबे. कायद्याचा भंग झाला नाही असा निष्कर्ष निघाला आणि डिसेंबरमध्ये जाहीर झालं की कोणालाही शिक्षा होणार नाही.

निदान इथे चौकशी झाली. राजधानी होती, पत्रकार पोचू शकत होते, सगळ्या जगाचं लक्ष होतं. त्याच वर्षाअखेरीस इराक-सीरियातल्या हल्ल्यांविषयीचे अमेरिकी लष्कराचे तेराशेहून जास्त गोपनीय अहवाल एका वृत्तपत्राने मिळवून छापले. त्यांपैकी एकाही अहवालात कोणावर कारवाई झाल्याची नोंद नव्हती, आणि मेलेल्यांच्या घरच्यांना सांत्वनाची रक्कम मिळाल्याची उदाहरणं डझनभरही नव्हती. बहुतेक ठिकाणी जागेवर जाऊन कोणी विचारलंच नव्हतं. वरून घेतलेली चित्रफीत पुन्हा वरूनच बघितली होती.

दशरथाला विमान नव्हतं. बाण लागल्यावर माणसाचा आवाज ऐकू आला तसा तो धावत नदीकाठी गेला. मरणाऱ्या मुलाने सांगितलं, आईबाप तहानलेले आहेत. त्याने तो घडा भरला आणि वाट विचारत स्वतः त्यांच्या झोपडीशी गेला. दोघं आंधळी होती. पावलांचा आवाज ऐकून त्यांना वाटलं, मुलगाच आला.